धाकूची हजेरी

भटवाडी, घाटकोपर
२६ सप्टेंबर १९७१

सुलक्षणा,

आईचं पत्र आहे म्हणून न फोडता कपाटात टाकू नकोस. एकदा वाच, मग काय करायचं ते कर.

गणपतीत तू भिलाईहून एवढी लांब आलीस आणि विसर्जनापर्यंतही थांबली नाहीस. जावईबापूंनी रिक्षा आणली तेव्हा तू माझ्या पाया पडलीस, पण तोंडातून शब्द काढला नाहीस. शेजारची नलिनी विचारत होती, लेक एवढ्यात कशी गेली? मी म्हटलं, कारखान्यातून तार आली. दुसरं काय सांगणार?

तू मला स्वयंपाकघरात विचारलंस, "आई, हा माणूस कोण?" मी म्हटलं, तुझ्या बाबांच्या पलटणीतला. तू म्हणालीस, "मग तो बाबांच्या नावाला ओ का देतो?" तेव्हा पातेल्यात दूध वर येत होतं आणि बाहेर आरतीला माणसं जमली होती. मी उत्तर दिलं नाही. आता देते.

आषाढात एका संध्याकाळी दिवेलागणीला दार वाजलं. मी आतून विचारलं, कोण? बाहेरून आवाज आला, "मी धाकू."

सुले, तीस वर्षं झाली तुझ्या बाबांना जाऊन. तू माझ्या पोटात होतीस तेव्हा ते पलटणीबरोबर बोटीत चढले. पण आवाज त्यांचाच होता. थोडा घोगरा, शेवटी जरा वर चढणारा. माझे हात कणकेचे होते, तशीच धावले. दार उघडलं तर बाहेर भलताच माणूस. काळा, बुटका, डोक्यावर केस नाहीत. मला बघून तोच दचकला. आणि मग अगदी वेगळ्या आवाजात, घाटावरच्या माणसासारखा म्हणाला, "वैनी, म्या कुंडलिक. माफ करा, त्यो आधी बोलला."

तिथेच दार लावून घ्यायला हवं होतं, असं तू म्हणशील. नाही लावलं.

तो कराडच्या बाजूचा. मानखुर्दला राहतो म्हणाला, आपल्या गावच्या एका माणसाकडून माझा पत्ता त्याला आता कुठे मिळाला. घरी कोण कोण आहे ते मी विचारलं नाही. सध्या बाहेरच्या खोलीत झोपतो, लाकूडकाम येतं, आपला मोडका पाट त्याने नीट केला. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

उत्तर पाठव.

आई


भटवाडी
२४ ऑक्टोबर १९७१

सुलक्षणा,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. "तो माणूस घरात आहे तोवर मी येणार नाही. बाबांच्या जागी कुणी बसलेलं मला चालणार नाही." बरं. दिवाळी तुझ्याविना गेली. तुला चकली आवडते म्हणून केली आणि वाटून टाकली.

त्यांच्या जागी कुणी बसलेलं नाही. बाबा कसे गेले ते तुला कधी कुणी सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. लढाई संपल्यावर सरकारची तार आली होती, धाकू जिवंत आहे, सुटला आहे, घरी येतो आहे. गावात आम्ही साखर वाटली. तुझ्या आजीने तुला नवीन परकर शिवला. मग कुणी आलंच नाही. पुढे कागद आला की आधीची तार चुकीची होती, माणूस बेपत्ता आहे. आजी म्हणाली, तार खरी, कागद खोटा. मीही तेच धरलं. म्हणून मी कुंकू लावत राहिले. मुंबईला आले, औषधांच्या कारखान्यात बाटल्या धुतल्या, तुला वाढवलं, आणि रोज कुंकू लावलं. तुझ्या लग्नात विहीणबाई कुजबुजल्या, हिचा नवरा आहे तरी कुठे? तुला शरम वाटली होती, ते मी पाहिलं होतं.

आता कुंडलिकने सांगितलं ते ऐक. एकदम सांगितलं नाही. एक दिवस थोडं, मग कित्येक दिवस काहीच नाही.

ते दोघे एकाच तुकडीत. सिंगापूर पडलं तेव्हा इंग्रज साहेबाने हत्यारं खाली ठेवायला सांगितलं आणि सगळे जपान्यांच्या हाती सापडले. मग त्यांना बोटीच्या तळात कोंबून न्यू गिनी म्हणून बेट आहे तिकडे नेलं. विमानं उतरायची जागा करायची म्हणून जंगल तोडायला लावलं. रोज सकाळी उत्तरेकडे तोंड करून जपानच्या राजाला वाकायचं. मी म्हटलं, आणि आधी इंग्रजांच्या राजाला सलाम ठोकत होतात ना? कुंडलिक हसला. म्हणाला, "वैनी, दोन्ही राजं आमी कंदी बघितलं न्हाईत. पर दोघांनीबी आमाला मोजलं लई."

मोजणी रोज व्हायची. तुझे बाबा तापाने पडले तेव्हा त्यांना आजाऱ्यांच्या झोपडीत टाकलं. कुंडलिक तिथे पाणी द्यायला, घाण काढायला होता. संध्याकाळी जपानी शिपाई यायचा. रोगाच्या भीतीने आत पाऊल टाकायचा नाही. आपला हवालदार दारात उभा राहून नावं घ्यायचा आणि शिपाई आतून येणारे आवाज मोजायचा. ज्याचा आवाज आला नाही त्याला उचलून खड्ड्याकडे न्यायचे. मग जीव असो नाहीतर नसो.

तुझ्या बाबांचा आवाज बंद झाला. डोळे उघडे, छाती हलते आहे, पण शब्द नाही. तेव्हा अंधारातून कुंडलिकने त्यांच्या आवाजात ओ दिली. आपल्या मालवणीत, ते द्यायचे तशीच. "हंय आसंय." इथे आहे. रात्रंदिवस एकत्र काढले होते, आवाज त्याच्या घशात बसला होता. रोज दोन आवाज. आपल्या नावाला "हाय" आणि धाकूच्या नावाला "हंय आसंय."

मी विचारलं, मग ते गेले कधी?

त्याने हातातलं लाकूड खाली ठेवलं. मग म्हणाला, "त्येच मला ठावं न्हाई, वैनी. म्या बोलत ऱ्हायलो. एक दिस हात लावला तर गार. आदल्या सांजंला गेलता का त्येच्याबी आदल्या, द्येवाला ठावं. त्येच्यामागंबी म्या बोलत ऱ्हायलो. बंदच हुईना."

सुटका झाली तेव्हा गोऱ्या साहेबाने नावं वाचली. धाकूचं नाव आलं आणि याच्या तोंडून ओ गेली. साहेबाने पुढे खूण केली. तीच ती तार.

ऐकून मी उठले आणि मोरीत जाऊन भांडी घासत बसले. घासलेलीच भांडी. राग आला का, म्हणशील. आला. ज्या ओने माझ्या माणसाला खड्ड्यापासून वाचवलं, तिनेच मला इतकी वर्षं दारात बसवलं. मग शिव्या कुणाला घालू?

आणि एक सांगते. मी त्याला म्हटलं, पुन्हा एकदा दे ओ. त्याने दिली.

आई


भटवाडी
६ डिसेंबर १९७१

सुलक्षणा,

तिकडेही लढाईच्या बातम्या येत असतील. इथे परवा सांजेला भोंगे वाजले. सगळ्यांनी काचांना काळे कागद लावलेत. समोरच्या खोलीतला दशरथ वॉर्डन झालाय, गल्लीतून "लाइट बंद करा" ओरडत फिरतो. टेकडीवरच्या सगळ्या झोपड्या एका क्षणात काळ्या होतात. आपली भटवाडी तिथे आहे की नाही तेच कळत नाही.

मी लिहिणार नव्हते. पण मला हे कुणाला तरी सांगायला पाहिजे, आणि तुझ्याशिवाय कोण आहे?

पहिला भोंगा वाजला तेव्हा मी दिवा मालवला. कुंडलिक कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसला. बाहेर दशरथ एकेका खोलीच्या दारात थांबून, सगळी घरात आहेत ना म्हणून नावं घेत येत होता. आपल्या दाराशी आला. "रत्नप्रभाकाकी?" मी म्हटलं, आहे रे. "कुंडलिकमामा?"

कुणी बोललं नाही.

"कुंडलिकमामा, आहात ना?"

अंधारात मला त्याचा श्वास ऐकू येत होता. हात पुढे केला असता तर लागला असता. पण ओ नाही. मग दशरथ पुढे गेला, आणि कोपऱ्यातून हळूच आवाज आला, "रत्ना गो, हंय आसंय."

रत्ना मला फक्त तुझे बाबा म्हणायचे.

भोंगा थांबल्यावर मी दिवा लावला. डोळे उघडे होते, माझ्याकडे बघत होते. तोंड कुंडलिकचं, बघणं त्याचं नव्हतं. मी म्हटलं, कुंडलिकभावजी, पाणी देऊ? तो इकडे तिकडे बघायला लागला, दुसरं कुणी खोलीत आहे का ते शोधल्यासारखा. म्हणाला, "कुंडलिक खंय गेलो?"

तेव्हापासून कुंडलिक बोललेला नाही. आज सकाळी भाकरी वाढली तर चुरून, वर माशाची कढी ओतून खाल्ली. कुंडलिकला माशाचा वासही सोसत नव्हता. मी त्याला आईचं, गुरांचं, विहिरीचं विचारलं. सगळं सांगतो. यातलं बरंच त्याला धाकूनेच झोपडीत सांगितलं असेल, हे मला कळतं. मी वेडी नाही. इतकी वर्षं एकमेकांना दुसरं काय सांगणार? घरच सांगणार.

पण दुपारी तो माझ्या पोटाकडे बघून म्हणाला, "काय झालां गो? झील की चेडू?"

सुले, तू त्याच्यासमोर गणपतीत बसून जेवलीस. कुंडलिकने तुला ताटात मोदक वाढला होता. मुलगा झाला की मुलगी, हे कुंडलिकने कशाला विचारावं? हे विचारणारा एकच माणूस होता, आणि त्याला मी कळवलेलं पत्र कधी पोचलंच नाही.

मी म्हटलं, चेडू. सुलक्षणा नाव ठेवलं.

तो हसला. अगदी पोटातून. मग म्हणाला, "बरां झालां," आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

तू म्हणशील तो वेडा झाला, ठाण्याच्या इस्पितळात घाल. नलिनीही तेच म्हणते. तुम्ही दोघी बरोबर असाल. पण आज माझ्या घरात माझा नवरा जेवला, सुले. मला भीती वाटते. आणि मला उठून दार उघडावंसं वाटत नाही.

आई


भटवाडी
१३ डिसेंबर १९७१

सुलक्षणा,

जे झालं ते झालं तसं लिहिते.

मी तुला एक सांगितलं नव्हतं. कुंडलिकची बायको आहे. शांताबाई. त्यानेच पहिल्या महिन्यात सांगितलं होतं, मानखुर्दला खाडीच्या बाजूला राहतात, ती शाळेत झाडलोट करते. तो कामाला म्हणून निघाला आणि इथे आला, घरी काही सांगितलं नाही. मी त्याला "घरी कळव" म्हणायचे, तो "व्हय" म्हणायचा, आणि दोघंही गप्प बसायचो.

तो धाकू झाला तेव्हा लगेच दशरथला मानखुर्दला पाठवायला हवं होतं. नाही पाठवलं. मनाला म्हटलं, भोंगे वाजतायत, कसा जाईल बिचारा. खरं कारण ते नव्हतं. मी संध्याकाळची वाट बघत होते. दिवा मालवला की तोंड दिसत नाही. नुसता आवाज. आम्ही दोघं अंधारात बसून गावच्या गोष्टी बोलायचो.

मग एका संध्याकाळी तो म्हणाला, "रत्ना, माका थंडी भरता." हात धरला तर गार. विस्तवाजवळ बसवला, घोंगडी घातली, तरी गारच. जेवण सुटलं. दुसऱ्या दिवशी उठवेना. डॉक्टर आणला, तो म्हणाला, ताप नाही, छाती साफ आहे, मला काही सापडत नाही. मी त्याच्या उशाशी बसले आणि मला दिसायला लागलं की हा कुठे चाललाय. धाकू जसा गेला तसाच जाणार. झोपडीत पडून, डोळे उघडे ठेवून. धाकूला तेवढंच येतं. त्याच्यापुढचं धाकूला काही ठाऊकच नाही.

तेव्हा मी दशरथला पाठवलं.

शांताबाई दुपारच्या आत आली. उंच, कोरडी बाई. मला वाटलं शिव्या देईल. तिने चपला बाहेर काढल्या, आत आली, त्याच्याजवळ बसली. "अवं, घरला चला." त्याने तिच्याकडे बघितलं आणि मला विचारलं, "ही बाय कोण गो?"

शांताबाईच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ती म्हणाली, "बाई, ह्यो आवाज म्या ऐकलाय. लगीन झाल्यापासनं ऐकतीया. झोपंत बोलायचे. मला वाटायचं कुणी बाई हाय, म्हनून मालवणीत बोलत्यात." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमचा मानूस माझ्या घरात जल्मभर ऱ्हायला. आता माझा मला द्या."

काय सांगू तुला? त्या बाईचं एक अक्षरही खोटं नव्हतं.

मी उठले. मग त्याच्या पायाशी जाऊन उभी राहिले आणि हवालदार घेत असेल तसं खणखणीत नाव घेतलं. धाकू!

"हंय आसंय."

मी म्हटलं, नाही. धाकू मेला.

त्याने डोळे मोठे केले. मी म्हटलं, माझ्याकडे बघा. मी त्याची बायको. मी सांगते. धाकू झोपडीत मेला, मित्राच्या हाताजवळ मेला, त्याला कुणी जिवंत खड्ड्यात टाकला नाही. त्याचं आता काही राहिलं नाही. मी पदराने कुंकू पुसलं. बांगड्या मोरीच्या दगडावर फोडल्या. शांताबाई "अवं बाई, नका" म्हणत धावली, माझा हात धरला, पण तोवर झालं होतं. मनगटाला काच लागली. ती स्वतःच्या पदराने रक्त पुसत होती आणि रडत होती. मी रडले नाही. तीस वर्षांत मला कुणी रडायची परवानगी दिली नव्हती, त्यामुळे ते कसं सुरू करायचं तेच कळेना.

तो उठून बसला होता. ओठ हलत होते. ती ओ घशाशी आली होती, मला दिसत होती. मी पुन्हा नाव घेतलं. धाकू!

खोलीत आवाज नाही. खाली गल्लीत कुणीतरी कुकर उतरवला, ते ऐकू आलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. तिसऱ्यांदा मला ते नाव घेववेना. शांताबाईने घेतलं, पण दुसरं. "कुंडलिक!" घाटावरची बाई नवऱ्याचं नाव घेते का? तिने घेतलं.

"हाय," तो म्हणाला. मग लहान मुलासारखा म्हणाला, "शांते, भूक लागलीया."

त्याच दुपारी दशरथने टॅक्सी करून दोघांना मानखुर्दला पोचवलं. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

आई


भटवाडी
१६ जानेवारी १९७२

सुलक्षणा,

तुझं मोठं पत्र आलं. दोनदा वाचलं. तू मला "बिचारी" लिहिलंस ते मात्र खोडून टाक. आणि माझं कपाळ कसं दिसतं विचारलंस. रुंद दिसतं. नलिनी पहिल्यांदा बघून दाराशीच थांबली, तिला वाटलं दुसरीच कुणी बाई आहे. आता तिला सवय झाली.

काल मानखुर्दला जाऊन आले. शांताबाईने मुद्दाम बोलावलं होतं, तिळाचे लाडू केले होते. खाडीचा वास येतो तिथे, मिठागरं दिसतात. कुंडलिक दारात खाट विणत बसला होता. अंगाने भरलाय. शांताबाई म्हणते, आता झोपेत हूं नाही की चूं नाही.

मला बघून उठला, नमस्कार केला. म्हणाला, "या. कोन म्हनायचं आपन?"

मला वाटलं लाजतोय. मी म्हटलं, घाटकोपरची. धाकूची बायको.

"कुठला धाकू?"

शांताबाई आतून बाहेर आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. तिने मला आधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, पलटणीत होता तुमच्या. मालवणचा. त्याने खरंच आठवायचा प्रयत्न केला, गं. कपाळाला आठ्या घालून. सिंगापूर आठवतं, बोट आठवते, जंगल आठवतं, झोपडीही आठवते. त्याच्या शेजारी पडलेला माणूस आठवत नाही. "लई मेली तवा मानसं," तो म्हणाला. "नावं कुनाची ध्यानात ऱ्हात्यात?"

लाडू ज्या वर्तमानपत्रात बांधले होते त्यावर ढाक्याला शरण आलेल्या पाकिस्तानी शिपायांचं चित्र होतं. जमिनीवर रांगांनी बसलेले, आणि एक आपला शिपाई मोजतोय. कुंडलिकने कागद सरळ करून चित्र पुष्कळ वेळ बघितलं. मग विचारलं, "ह्यास्नी घरला कवा सोडनार?"

मला ठाऊक नव्हतं. लाहोर की कुठे, तिकडे बायका बसल्या असतील. मी म्हटलं, सोडतील लवकर.

टॅक्सी मिळेना म्हणून बसने परत आले आणि वाटेत मला एकदम कळलं. तुझे बाबा कसे पडले होते, डोळे कसे उघडे होते, शेवटी त्यांच्या वतीने कोण बोललं, हे आता जगात फक्त मला ठाऊक आहे. आणि ही पत्रं वाचलीस म्हणून तुला. तुला ते नको असेल, पण आता ते तुझ्याकडे आहे.

त्यांना अजून पाणी कुणी दिलेलं नाही. तार खरी मानली, मग पाणी कसं देणार? दशरथ म्हणतो, नाशिकला भटजी आहेत, मुलीच्या हातचं पाणी आता चालवून घेतात. नसतील घेत तर आपण दोघीच गोदावरीत उतरू. तू ये. एकटी आलीस तरी चालेल. मंत्र येत नाहीत म्हणून काळजी करू नकोस, तुला त्यांच्याशी मालवणीत काय बोलायचं ते मी गाडीत शिकवीन.

आई